निळ्या पेनाने लिहिलेला तो कागद

सिंहगड रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर सोडतीचं कुपन भरलं, तिथून हे सुरू झालं. नाव, मोबाइल नंबर, लग्न झालंय का, क्रेडिट कार्ड आहे का. आठ दिवसांनी फोन आला. तुमचा नंबर लागलाय, तीन दिवस-दोन रात्रींची सहल मोफत, रविवारी व्हाउचर न्यायला या. “एकट्या येऊ नका मॅडम, मिस्टरांना आणाच. आणि कार्ड जवळ ठेवा, ओळखीसाठी लागतं.”

ही 2023च्या मे महिन्यातली गोष्ट. दिवाळीत तारकर्लीला जायचं ठरत होतं आणि सासूबाई धरून पाच जणांचा खर्च बसवता बसवता मी मेटाकुटीला आले होते. म्हणून गेलो.

हॉटेलच्या हॉलमध्ये मोठ्याने गाणी चालू होती. प्रत्येक जोडप्यासमोर एक मुलगा. आमच्या समोरच्याने विचारलं, वर्षाला फिरण्यावर किती जातात? हे म्हणाले, चाळीस हजार. त्याने कोऱ्या कागदावर निळ्या पेनाने लिहिलं: दहा वर्षांचे 4 लाख, महागाई धरून 6. त्याखाली त्यांच्या हॉलिडे मेंबरशिपचे, म्हणजे दहा वर्षं हॉटेलात राहायच्या सदस्यत्वाचे, 1,10,000, आणि त्याभोवती गोल. मग एकेक ओळ वाढत गेली. वर्षाला सहा रात्री, कुठेही, कधीही. नाश्ता-जेवण आमच्याकडे. पाच माणसं चालतील. वर्षभरात नको वाटलं तर पैसे परत. थोड्या थोड्या वेळाने माइकवर कुणाचं तरी अभिनंदन व्हायचं, टाळ्या वाजायच्या. दोन तास झाले, मुलं घरी एकटी होती. आम्ही नको म्हटल्यावर त्याचा साहेब आला आणि आकडा 85,000वर आणला. पण आजच, दाराबाहेर पडलात की ही किंमत संपली. ह्यांनी कार्ड दिलं. नऊ ठिकाणी सह्या केल्या. उठताना मी तो कागद मागितला. “तो कच्चा आहे मॅडम, करार कुरिअरने येईल,” म्हणत त्याने घडी घालून खिशात टाकला.

करार पंधरा दिवसांनी आला, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. पैसे परत मिळणार नाहीत. दिवाळी, नाताळ, मे महिना वगळून. खोली शिल्लक असेल तरच. एका खोलीत मोठी माणसं दोनच. जेवणाचा उल्लेख नाही. वर्षाला 6,500 देखभाल शुल्क, गेलात-न गेलात तरी, शिवाय प्रत्येक रात्रीचं वेगळं शुल्क. आणि एक कलम असं की तोंडी दिलेली आश्वासनं कंपनीवर बंधनकारक नाहीत. त्याखालीही आमची सही होती. मोफत सहलीच्या व्हाउचरलाही 2,999 रुपये नोंदणी फी निघाली.

तारकर्ली मिळाली नाहीच. शेवटी मालवणजवळच्या एका घरगुती मुक्कामाच्या मालकिणीशी फोनवर बोलून दोन खोल्या घेतल्या, एसटीने गेलो, चार रात्री राहिलो. एकूण खर्च 34,000. परत आल्यावर हिशेब मांडला तेव्हा खरी गोम कळली. त्यातलं खोल्यांचं भाडं होतं फक्त 14,400; बाकी प्रवास, जेवण, बोटीत गेलं, आणि त्यातलं काहीही ती मेंबरशिप देत नव्हती. दहा वर्षांचं भाडं 1,44,000 होतं. मेंबरशिप 85,000 आणि देखभालीचे 65,000, म्हणजे दीड लाख. करारात लिहिलेलं सगळं मिळालं असतं तरी आमचा एक रुपया वाचणार नव्हता. त्या मुलाने आमच्या पूर्ण सहलीचा खर्च एका बाजूला आणि नुसत्या खोलीची किंमत दुसऱ्या बाजूला लिहिली होती. कुणी असा हिशेब मांडून दाखवला, तर आधी आपल्या मागच्या सहलीतलं खोलीचं भाडं बाजूला काढा आणि त्याच्याशीच तुलना करा.

आम्ही रद्द करायचा ईमेल केला, तो तीन महिने उशिरा. तुम्ही असं काही घेतलं असेल तर आज रात्रीच करा, करारात रद्द करायची मुदत आहे का तेही बघा. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं, करार वाचा. त्यानंतर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नसते. कंपनीचं कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे म्हणून गप्प बसू नका.

आमच्या हातात पुरावा म्हणून कार्डाची पावती आणि “जेवण इन्क्लुडेड आहे सर” असा त्या मुलाचा एक व्हॉट्सॲप मेसेज, एवढंच आहे. हॉलमध्ये बसलो असताना त्या कागदाचा फोटो काढायला हवा होता. कंपनीने आयोगात लेखी म्हणणं दिलंय, त्यात असा कोणताही कागद लिहिलाच नव्हता असं आहे.