लॅमिंग्टन रोडवर मोटार घ्यायला गेलो, ती का गेली हे कळलं

लेकाच्या रोबोटचा पंजा मिटेना. अ‍ॅक्रिलिकचा साधा ग्रिपर, त्यात निळी एसजी-९० सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत वळणारी छोटी मोटार. चालू केली की घरघर, मग कट्-कट्, आणि पंजा अर्ध्यावरच. ही दुसरी मोटार. पहिली गेली तेव्हा तशीच एक ऑनलाइन मागवून मोकळी झाले होते. या वेळी अख्खा ग्रिपर, त्याला चालवणाऱ्या अर्डुइनो बोर्डासकट, पोळ्यांच्या डब्यात घातला आणि शनिवारी सकाळी आम्ही दोघं भांडुपहून निघालो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार.

दुकान म्हणजे जुन्या इमारतीच्या जिन्याखालचा गाळा. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं. मी म्हटलं, "दादा, हीच मोटार द्या." त्यांनी डबाच पुढे ओढला. "ताई, आधी कशाने गेली ते बघू. नाहीतर पुढच्या महिन्यात परत याल."

चार बारीक स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं आणि पांढरी दातेरी चाकं चिमट्याने एकेक करून कागदावर मांडली. भिंग लेकाच्या हातात दिलं. एका चाकाचे सलग दोन दात साफ सपाट झालेले. आतली मोटार चांगली होती, गिअर गेला होता.

मग त्यांनी कोड विचारला. पंजा मिटायचा कोन १० लिहिला होता, पण मध्ये चेंडू आला की तो ३५ च्या आसपास अडतो. सर्व्होला सांगितलेल्या कोनापर्यंत जायचंच असतं, म्हणून ती दाबत राहते, करंट ओढते, तापते, आणि सगळा जोर त्या प्लास्टिकच्या दातांवर येतो. पंजा मिटताना अर्डुइनो रीसेट का व्हायचं, तेही तिथेच उलगडलं: मोटार बोर्डाच्याच ५ व्होल्टवर होती, आणि यूएसबीच्या वाटेवर ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे करंटला मर्यादा.

एमजी-९०एस घेतली, २४० रुपये. माप जवळपास तेच, त्यामुळे त्याच खाचेत बसते, गिअर धातूचे. या नावाच्या मोटारींत कधी एखादं चाक प्लास्टिकचं निघतं म्हणून नवी मोटारही त्यांनी उघडून दाखवली. हे कोण करतं हो! सोबत चार रिचार्जेबल सेलचा होल्डर, ४.८ व्होल्ट, फक्त मोटारीसाठी. "ग्राउंड, म्हणजे होल्डरची उणे तार, मात्र अर्डुइनोला जोडा," हे दोनदा बजावलं. तपासणीचे पैसे देऊ केले तर घेतले नाहीत.

खटकलं ते एवढंच की पक्कं बिल मिळालं नाही, आणि जुना हॉर्न (मोटारीच्या दांड्यावर बसणारी, पंजा हलवणारी पट्टी) नव्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, बसणार नाही हे तिथे कोणी बोललं नाही. घरी पाकिटातला नवा हॉर्न लावायला अ‍ॅक्रिलिकचं भोक कानशीने मोठं करावं लागलं. जायचं तर सकाळीच जा. दुपारनंतर इतकी गर्दी होते की दादांना असं बसून बघायला फुरसत नसते, आणि रविवारी तो रस्ता बहुतेक बंदच.

मोटार आधी ९० अंशांवर आणून मगच हॉर्न बसवला. लेकाने कोडमधला १० खोडून ३२ केला. रात्री पंजाने चेंडू अर्धा तास धरून ठेवला. मोटारीला बोट लावून पाहिलं, जेमतेम कोमट. सपाट दातांचं ते पांढरं चाक त्याने कंपासपेटीत ठेवलंय.