जीपीएस मॉड्यूल घेताय? ५ व्होल्ट द्यायच्या आधी हे वाचा

निओ-एम८एन (यू-ब्लॉक्स कंपनीचं जीपीएस मॉड्यूल) म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याने मला भलतंच मॉड्यूल विकलं. नुसते पैसे गेले असते तर लिहिलं नसतं, पण त्याने दिलेल्या माहितीप्रमाणे जोडलं की मॉड्यूल जळतं आणि वर खापर आपल्यावरच फोडतात, म्हणून सांगतोय.

जाहिरातीत ठळक लिहिलेलं 'सप्लाय ३.३ ते ५ व्होल्ट', फोटोत बोर्डावर रेग्युलेटरही (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा भाग) दिसत होता. ५ व्होल्ट दिले तर चिप हात लावू नये इतकी तापली, डेटा काहीच नाही. तक्रार केली तर म्हणे तुम्ही वायरी उलट्या लावल्या! वायरिंगचे फोटो पाठवले तेव्हा कुठे बदली पीस आला. तो जोडायच्या आधी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं थेट जोडलेली असली की बीप देतो ते सेटिंग) ठेवून बोर्डाची व्हीसीसी, म्हणजे सप्लायची पिन आणि चिपची २३ नंबरची सप्लायची पिन तपासली, तर सरळ बीप. म्हणजे मध्ये रेग्युलेटर नाहीच, आणि ह्या चिपला ३.६ व्होल्टच्या वर चालतच नाही. रेग्युलेटर खरंच असेल तर ही बीप येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

मग बेंच सप्लायवर (व्होल्टेज आणि करंट ठरवून देता येणारा पॉवर सप्लाय) ३.३ व्होल्ट आणि करंट लिमिट १०० मिलिअँपिअर लावून चालू केलं, चाललं. पण यू-सेंटर ह्या यू-ब्लॉक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हर्जन बघितलं तर हार्डवेअर ०००४०००७, एम८ असेल तर ०००८०००० येतं. म्हणजे आत जुनी ६ सिरीजची चिप, जिला ग्लोनासचे (रशियाची जीपीएससारखी यंत्रणा) सॅटेलाइट दिसतच नाहीत, आणि वर स्टिकर एम८एनचं. हे तर सरळ सरळ लुबाडणं झालं.

त्याने पाठवलेली वायरिंगची आकृतीपण घातक आहे, ५ व्होल्टवाल्या बोर्डाचा टीएक्स (डेटा पाठवणारी पिन) थेट मॉड्यूलच्या आरएक्सला (डेटा घेणारी पिन). मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि आरएक्सवरून ग्राउंडला २ किलोओहमचा, म्हणजे तिथे साधारण ३.३ व्होल्टच पोचतात. अँटेना सप्लाय बंद असतानाच लावा, ॲक्टिव्ह अँटेनाला त्याच केबलमधून डीसी जातो, म्हणून आतली तार आणि बाहेरची जाळी शॉर्ट नाही ना तेही आधी बघून घ्या.

मीटरच्या बीपचा व्हिडिओ आणि व्हर्जनचा स्क्रीनशॉट दिल्यावर विक्रेत्याचं बोलणं बंद झालं आणि पैसे परत आले. पार्सल उघडल्यापासून रेकॉर्डिंग करत जा. ती जाहिरात मात्र अजून आहे, त्याच ५ व्होल्टसकट.