‘विकत घ्या’ असे लिहिले होते, म्हणून विकत घेतले

आमचा गणपती दीड दिवसाचा. चवथीच्या रात्री आरत्या झाल्या, घुमटे भिंतीला टेकवून ठेवली की सगळी मंडळी बाहेरच्या खोलीत जमतात आणि बाबांच्या पसंतीचा एक जुना मराठी चित्रपट लागतो. फोंड्याजवळच्या आमच्या घरात वीसेक वर्षे ही रीत चालत आली आहे. २०२४ च्या चवथीला बाबांनी त्यांचा सर्वांत लाडका कृष्णधवल चित्रपट लावायला सांगितला. मी टीव्हीवर अॅप उघडले, ‘माझी खरेदी’मध्ये गेले. चित्रपटाचे पोस्टर होते त्या जागी एक करडा चौकोन आणि खाली एक ओळ: हा चित्रपट आता उपलब्ध नाही.

मला वाटले नेट गेले असेल. पावसात आमच्याकडे नेट जाणे काही नवीन नाही. पण शेजारचे दोन चित्रपट व्यवस्थित लागत होते. शोधत गेले तेव्हा कळले, मी पैसे मोजून घेतलेल्या सोळा चित्रपटांपैकी पाच गेले होते. पाचही बाबांचे.

बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. मराठी शाळेत आयुष्य गेले. त्यांनी व्हीसीडी जमवल्या त्या एकेक करून, पगारातून काटकसर करून. काही पणजीला अठरा जून रस्त्यावर घेतलेल्या, काही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, आणि अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेले की तिथून दहाबारा तरी यायच्याच. मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली तेव्हा बाबांना कोण आनंद! एका चित्रपटाच्या दोन तबकड्या, मध्यंतराला उठून दुसरी घालायची. २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून जुने चित्रपट जळाले, ती बातमी वाचून बाबा दोन दिवस नीट जेवले नव्हते. ‘एका जागी ठेवले की एका रात्रीत जाते, चार घरांत असले तर राहते,’ असे ते तेव्हा म्हणाले होते. ते वाक्य मी विसरले, ही या प्रकरणातली माझी चूक.

गोव्याच्या पावसाळ्यात तबकड्या टिकवणे सोपे नाही. कपाटात कापूर ठेवा, तांदळाच्या पुरचुंड्या ठेवा, बुरशी धरतेच. २०२१ च्या पावसाळ्यानंतर कपाट उघडले तर कितीतरी तबकड्यांवर पांढरे ठिपके, काहींचा चंदेरी थर कडेने सुटलेला. प्लेअरही अडखळत होता. तेव्हा एका मोठ्या ऑनलाइन दुकानात बाबांचे बरेचसे चित्रपट दिसले. प्रत्येकाखाली दोन बटणे होती. एक ‘भाड्याने घ्या’, ४८ तासांसाठी, स्वस्त. दुसरे ‘विकत घ्या’, महाग. मी विकतच घेतले. सोळा चित्रपट, एकूण ४,१६० रुपये. प्रत्येक खरेदीचे बिल ईमेलवर आले. आणि मग दोन खोके तबकड्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. बाबा दारात उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत.

चवथीनंतर कस्टमर केअरशी चॅटवर बोलले. पलीकडची व्यक्ती नम्र होती, तिच्यावर माझा राग नाही. तिने सांगितले, ‘मॅडम, आपण चित्रपट नव्हे, तो पाहण्याचा परवाना घेतला होता. त्या चित्रपटाच्या हक्कांचा आमचा करार संपला.’ मी विचारले, मग बटणावर ‘विकत घ्या’ का लिहिले? उत्तर आले की अटींमध्ये सगळे दिलेले आहे. नुकसानभरपाई म्हणून माझ्या खात्यात १५० रुपये जमा करू म्हणाले, तेही त्यांच्याच दुकानात खर्चण्यासाठी. पाच चित्रपटांचे मिळून १५०!

त्या रात्री मी अटी वाचल्या. लांबच लांब इंग्रजी मजकूर, बारीक अक्षर, आणि खूप खाली एक वाक्य: आशय कोणत्याही वेळी काढला जाऊ शकतो आणि त्यासाठी कंपनी जबाबदार राहणार नाही. ईमेलही सापडले. तीन आठवड्यांपूर्वी आलेले, ‘तुमच्या लायब्ररीतील बदल’ अशा साध्या मथळ्याचे, जाहिरातींच्या ढिगात पडलेले. पैसे घेताना बटण ठळक आणि रंगीत, माल काढून घेताना असे हळूच. याला मी फसवणूकच म्हणते. कायद्याच्या पळवाटेत बसवलेली असली तरी फसवणूकच.

डाउनलोड केले असते तर वाचले असते का, असे मला अनेकांनी विचारले. मी केले होते. दोन चित्रपट टॅबलेटवर उतरवलेले होते, तेही उघडेनात. कारण उतरलेली फाइल कुलूपबंद असते, त्या दुकानाच्या अॅपशिवाय उघडत नाही, आणि अॅप मधूनमधून कंपनीच्या सर्व्हरला विचारते की या खात्याला अजून परवानगी आहे का. तिकडून ‘नाही’ आले की तुमच्याच यंत्रातली फाइल तुम्हाला बंद. इथे ‘डाउनलोड’ म्हणजे पेन ड्राइव्हवर घेऊन कुठेही लावता येईल अशी प्रत नव्हे. चित्रपटाचे हक्क निर्मात्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतात, दुकानाला ते ठरावीक देशासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी मिळतात. जुन्या मराठी चित्रपटांचे हक्क अनेकदा हात बदलतात, म्हणून आपल्या चित्रपटांना हा धोका अधिक आहे असे मला वाटते. देशाचेही तसेच. इथली कितीतरी मुले पोर्तुगालला, इंग्लंडला जातात; तिथे गेल्यावर खात्याचा देश बदलला की इथे घेतलेला चित्रपट तिथल्या दुकानात नसेल तर दिसेनासा होऊ शकतो.

हे फक्त माझ्यासोबत घडले असे समजून गप्प बसले असते, पण वाचत गेले तसे दिसले की जगभर हेच चालले आहे. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून, म्हणजे त्यांच्या ई-पुस्तके वाचायच्या यंत्रावरून, जॉर्ज ऑर्वेलची विकत घेतलेली पुस्तके पुसून टाकली होती, नंतर कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. विकत घेतलेल्या चित्रपटांची ऑनलाइन नोंद ठेवणारी अल्ट्राव्हायोलेट नावाची ‘कपाट’ सेवा ३१ जुलै २०१९ ला बंदच झाली. २०२३ च्या डिसेंबरात सोनीने प्लेस्टेशन या आपल्या गेमयंत्राच्या ग्राहकांना कळवले की डिस्कव्हरीचे विकत घेतलेले कार्यक्रम वर्षअखेरीस त्यांच्या लायब्ररीतून जातील. एवढा आरडाओरडा झाला की निर्णय मागे घेतला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला: १ जानेवारी २०२५ पासून, हा केवळ परवाना आहे असे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल मालाला ‘विकत घ्या’ असे म्हणता येत नाही. म्हणजे त्या शब्दातली खोट तिथल्या सरकारलाही दिसली.

तबकड्यांचे गुणगान करून मी तुम्हाला दुसऱ्या खड्ड्यात ढकलणार नाही. तबकडीला बुरशी लागते, ओरखडे पडतात, प्लेअरची लेन्स जाते, आणि एलजीसारख्या कंपन्यांनी ब्लू-रे प्लेअर बनवणे सोडून दिले आहे. परदेशातून डीव्हीडी मागवलीत तर त्यावरचा प्रदेश क्रमांक बघा, ती कोणत्या देशांतल्या प्लेअरसाठी आहे हे त्यावरून कळते. भारत प्रदेश ५ मध्ये येतो, अमेरिकेची प्रदेश १ ची तबकडी इथल्या साध्या प्लेअरवर लागेलच असे नाही. पण २८ रुपयांची ती व्हीसीडी परत मागायला दुकानदार कधी आमच्या दारात आला नाही. ती मी मावशीला दिली, शेजारी दिली, परत आणली, कुणाची परवानगी लागली नाही.

म्हणून कळकळीने सांगते, डिजिटल घेतले म्हणून घरातल्या तबकड्या भंगारात देऊ नका. घेण्याआधी त्या बटणाचा, किमतीचा आणि अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी काढला नव्हता, आणि आज त्याच बटणावरचा मजकूर बदललेला आहे. माझ्याकडे फक्त बिले उरली आहेत. सुदैवाने त्या बिलांवर ‘खरेदी’ असाच शब्द आहे. एखादा चित्रपट एकदाच बघायचा असेल तर भाड्याचे बटण दाबा. ते निदान ४८ तास म्हणते आणि ४८ तास देते. आणि त्या लायब्ररीत काय काय आहे याची यादी वहीत लिहून ठेवा, कारण काही ठिकाणी गेलेल्या चित्रपटाचे नावसुद्धा दिसत नाही, मग आपले काय गेले हेही सांगता येत नाही.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येते. कंपनीचे उत्तर आले की ‘ग्राहकाचे समाधान करण्यात आले आहे’, आणि पुरावा म्हणून तेच १५० रुपये दाखवले. मी ते वापरलेले नाहीत. समाधान झालेले नाही असे लिहून पाठवले. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी करते आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहते त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जावे लागत नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचे शुल्कही नाही. रक्कम लहान आहे म्हणून सोडून दे, असे भाऊ म्हणाला. बाबांनी मात्र काही न बोलता त्यांच्या जुन्या हिशेबाच्या वह्या काढून दिल्या. त्यात प्रत्येक व्हीसीडीची तारीख, दुकान आणि किंमत त्यांच्या शिक्षकी अक्षरात लिहिलेली आहे.

पाचपैकी तीन चित्रपट मिळाले आहेत. केरीच्या मामांकडे बाबांनीच कधीतरी वाचायला दिलेल्या पुस्तकांसोबत गेलेल्या व्हीसीडी होत्या. एकीची दुसरी तबकडी शेवटच्या वीस मिनिटांत अडकते. प्लेअर फोंड्याच्या एका कारागिराकडे लेन्स बदलायला दिला आहे. उरलेले दोन मी अजून शोधते आहे.