पूर्वज गावात कधी आले, कुठे राहिले: फेरफार काढू, नकाशा बघू की मोडी दफ्तर गाठू?

चुलत भाऊ मस्कतला असतो, दिवाळीला पंधरा दिवस येतोय, आणि या वेळी डोक्यात एकच खूळ घेऊन, "ताई, आपले लोक वाईकडे नक्की कधी आले आणि कुठे राहिले ते मला कागदावर बघायचंय, सुरुवात कुठून करू?" आता आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी की पूर्वज कोकणातून घाट चढून वर आले. कोण आलं, कधी आलं, विचारलं की सगळे आजीकडे बोट दाखवायचे आणि आजी देवाकडे. मी दोनेक वर्षं रजा मिळेल तशी या कागदांच्या मागे होते, त्यामुळे त्याला जे फोनवर सांगितलं तेच इथे जरा नीट लिहिते, म्हणजे कुणाला ठरवायचं असेल की हातातले चार दिवस कुठे घालवायचे तर उपयोग होईल.

आधी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली असती तर माझे दोन महिने वाचले असते. जमिनीचे जुने कागद शेताचे असतात, घराचे नसतात. गावाच्या भाषेत काळी वेगळी आणि पांढरी वेगळी. काळीतला तुकडा न् तुकडा इंग्रजांनी मोजला कारण त्यावर शेतसारा घ्यायचा होता, पांढरी म्हणजे गावठाण, ते नकाशावर नुसतं एक वेडंवाकडं वर्तुळ, आत कुणाचं घर कुठे याचा पत्ता नाही. म्हणजे "पूर्वज कुठे कसत होते" याचं उत्तर मिळतं, "कुठे राहत होते" याचं बहुतेक वेळा अंदाजाने काढावं लागतं.

आता पहिला रस्ता, तहसीलची रेकॉर्ड रूम. माझं मत विचाराल तर दहातल्या आठ जणांनी इथूनच सुरू करावं. आजचा सातबारा तर घरबसल्या निघतो, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत, पण त्यात बघायचं ते नावाच्या आसपास गोल करून लिहिलेले फेरफार नंबर. तो प्रत्येक नंबर म्हणजे एक घटना: कुणी वारलं, कुणी विकलं, कुणी गहाण टाकलं, भावाभावांत वाटणी झाली. सगळ्यात जुना नंबर घ्यायचा, त्याची नक्कल काढायची, त्यात आणखी जुना नंबर सापडतो, मग तो. असं मागे मागे जात बसायचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे घाटावर नशीब चांगलं असेल तर ही साखळी १९१०-२० पर्यंत जाते.

आणि तिथे गंमत आहे. जुन्या नोंदीत बापाचं नाव "बिन" लावून येतं, म्हणजे अमुक बिन तमुक, त्यामुळे १९२० च्या सुमाराला म्हातारा होऊन वारलेल्या माणसाच्या एका ओळीत तुम्हाला त्याचा बापही मिळतो, आणि तो बाप धरा की १८५७ च्या आगेमागे हयात असणार. बाई असेल तर नवऱ्याचं नाव येतं, "कोम" किंवा "भ्र." लावून, भ्र. म्हणजे भ्रतार. माझ्या हातात आलेल्या एका नोंदीत मुलगा "अज्ञान, अ.पा.क. आई" असं होतं, अज्ञान पालन कर्ता, मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा अज्ञान म्हणजे शाळेत न गेलेला असं समजले आणि रेकॉर्ड रूममधले एक काका हसून हसून लाल झाले. अज्ञान म्हणजे सज्ञान नसलेला, अल्पवयीन. तेवढ्या चार अक्षरांनी कळलं की पणजोबा लहान असतानाच त्यांचे वडील गेले आणि जमीन आईने सांभाळली, जे घरात कुणीच कधी बोललेलं नव्हतं. मुलींची नावं मात्र शोधू नका, जुन्या वारसनोंदीत त्या जवळपास नसतातच.

या रस्त्यावर दोन खड्डे आहेत. एक, गट नंबर. १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला, त्यानंतर जिथे योजना राबवली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तुमच्या आजच्या गट नंबर २१४ चा आणि जुन्या सर्व्हे नंबर २१४ चा काडीचा संबंध नाही. एकत्रीकरणाची पत्रकं काढून आधी मेळ घालायचा, नाहीतर दुसऱ्याच्याच पणजोबांच्या मागे लागाल, मी लागले होते, तीन आठवडे. दुसरा खड्डा कुळांचा. तुमचे पूर्वज कुळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे, असतील तर मालक म्हणून नाव येतं ते १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर, फेरफारात "कलम ३२ ग प्रमाणे" असं दिसलं की समजायचं, हे कलम कुळकायद्याचं. त्याच्या आधीचा सगळा माग जमीनदाराच्या नावाने असतो आणि आपली माणसं इतर हक्काच्या रकान्यात नाहीतर पीकपाहणीत बारीक अक्षरात सापडतात. कोकणात खोतीच्या गावात, म्हणजे जिथे सारा वसूल करायचा हक्क खोताकडे होता, तर हे फारच, खोती गेली १९४९ च्या कायद्याने, त्याआधी कागदावर खोत ठळक आणि कसणारा कोपऱ्यात.

दुसरा रस्ता भूमी अभिलेखचा, म्हणजे नकाशे, टिपणं, आकारफोड, आकारबंद अशी क्षेत्र आणि साऱ्याची पत्रकं वगैरे. लोकांना नकाशाचं आकर्षण जास्त असतं, भावालाही तेच, "आधी नकाशा काढूया, फ्रेम करू". फ्रेम करायला उत्तमच. पण नकाशावर नावं नसतात रे बाबा, नंबर असतात. नंबर आधी माहीत नसेल तर नकाशा नुसती नक्षी आहे.

पण नंबर हातात असेल तर मग नकाशासारखं दुसरं काही नाही. आपल्याकडची शास्त्रशुद्ध मोजणी सुरू झाली इंदापूर तालुक्यात, १८३६ ला, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांच्या हाताखाली, आणि १८४७ च्या जॉइंट रिपोर्टने तीच पद्धत पक्की झाली. सातारचं राज्य १८४८ ला खालसा झालं, त्यामुळे आमच्याकडची मोजणी त्यानंतरची. टिपण म्हणजे एकेका शेताचं कच्चं चित्र, शंकू आणि साखळीने मोजलेलं. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे, म्हणून टिपणावर अंतर रुपया-आण्यासारखं लिहिलेलं दिसतं आणि आपण म्हणतो हा कसला हिशेब. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे एवढं पाठ असलं की टिपण बोलायला लागतं. विहीर, ओढा, बांधावरचं झाड, गाडीवाट असं काय काय त्यावर खुणेने असतं. आमच्या शेताच्या टिपणावर एक विहीर आहे जी आज बुजलेली आहे, आणि काका म्हणत होते तिथे विहीर कधी नव्हतीच. मग पावसाळ्यानंतर जाऊन बघितलं तर तेवढ्याच जागेत गवत हिरवंगार, काका गप्प.

गावाचा पूर्ण नकाशा जुन्या मापात साधारण एका इंचाला ६६० फूट, म्हणजे मैलाला आठ इंच. त्यात बघायची गोष्ट म्हणजे गावठाण एकच आहे की दोन. काही गावांत नदीकडेला "जुने गावठाण" वेगळं दाखवलेलं असतं, काही ठिकाणी शेजारी आख्खं बेचिराग गाव, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं, फक्त नाव आणि शेतं. तुमची सगळ्यात जुनी जमीन आजच्या गावठाणाजवळ आहे की त्या जुन्या जागेजवळ, यावरून वस्ती कुठे असावी याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. पुरावा नाही म्हणणार मी याला, अंदाजच, पण चांगला.

ज्यांची गावं धरणात गेली त्यांच्यासाठी मात्र माझा सल्ला उलटा आहे, आधी नकाशा. कोयना, उजनी, या पाण्याखाली गेलेल्या गावांचे लोक नवीन जागी पुनर्वसनात वसले, तिथल्या सातबाऱ्यावर मागची साखळी पुनर्वसनाच्या नोंदीपाशीच तुटते. गाव नेमकं कुठे होतं हे बघायलाच जुना नकाशा लागतो. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले भारताचे १:२,५०,००० चे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने फुकट ऑनलाइन ठेवलेत, शेत दिसणार नाही पण धरणाआधीची नदी आणि गावांची नावं दिसतात. मस्कतमध्ये बसूनही करण्यासारखं काम आहे म्हणून भावाला ते लावून दिलं.

तिसरा रस्ता, पुण्याचं पेशवे दफ्तर. याबद्दल लोकांच्या फार कल्पना असतात, की तिथे गेलं की आपली वंशावळ पिवळ्या कागदावर गुंडाळून ठेवलेली असेल. तसं काही नसतं. हजारो रुमाल आहेत, रुमाल म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आतलं बहुतेक सगळं मोडीत, आणि मुळात हे राज्यकारभाराचे हिशेबाचे कागद आहेत. सरकारला ज्याच्याशी देणंघेणं होतं त्याचं नाव येणार. तुमच्या घरात पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, जोशीपण, काही इनाम, काही वतन असेल तर जा, जरूर जा, कारण १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने सगळ्या इनामदारांना कागद दाखवायला लावले होते आणि त्या चौकशीत घराण्यांच्या हकिकती आल्यात. साध्या कुणब्याच्या घरातले असाल, आमच्यासारखे, तर माणूस सापडायचा चान्स कमी आणि गाव सापडायचा चान्स जास्त.

मला काय मिळालं ते सांगते. मोडी मला येत नाही, एका वाचकाकडून पानावर पैसे देऊन वाचून घेतलं, आणि एक शिकवण मिळाली की तारीख आधी वाचून घ्या. "इसन्ने सबैन मया व अलफ" असं वर लिहिलेलं असतं, हा सुहूर सन, त्या काळच्या कागदांतली कालगणना, दोन आणि सत्तर आणि शंभर आणि हजार, म्हणजे ११७२, त्यात ५९९ मिळवले की १७७१, वर्ष मध्येच बदलत असल्याने १७७१-७२ धरायचं. तर आमच्या गावाचा एक थळझाडा निघाला, शेतांची थळवार यादी. थळ म्हणजे जुनी मोठी जमीन, बहुतेक वेळा मूळ मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काने जमीन धरणाऱ्या, घराण्याच्या नावाने ओळखली जाणारी. ज्या थळात आज आमची शेती आहे त्याला दुसऱ्याच आडनावाचं नाव, ते आडनाव आता गावात एकही घर नाही, आणि पुढे लिहिलेलं "गतकूळ". म्हणजे ते घराणं संपलं किंवा परागंदा झालं, जमीन रिकामी पडली. आमचं आडनाव त्या यादीत कुठेच नाही. मग इंग्रजी मोजणीच्या वेळच्या पत्रकात आम्ही आहोत, त्याच जमिनीवर.

माझ्यासाठी आख्ख्या शोधातली सगळ्यात मोठी गोष्ट ही, आणि ती एका कागदाने नाही कळली, दोन कागदांच्या मधल्या फटीत कळली. म्हणजे आम्ही त्या गावचे मूळ मिरासदार नाही, कधीतरी मधल्या काळात उपरी, म्हणजे बाहेरून येऊन कसणारे, म्हणून आलो आणि गतकुळाची जमीन धरली. कोकणातून आलो की शेजारच्या तालुक्यातून, हे कुठेच लिहिलेलं नाही. घरात हे सांगितल्यावर एका काकांना उपरी हा शब्द फार लागला, दोन दिवस बोलले नाहीत.

खर्च आणि वेळ बघायला गेलं तर तहसील स्वस्त पण खेटे जास्त, कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करायचा, वही जीर्ण असेल तर "सापडत नाही" असं उत्तर येऊ शकतं, एकदा मला तसं आलं आणि पुढच्या महिन्यात तीच वही सापडली. भूमी अभिलेखला नकाशाची नक्कल लवकर मिळते, जुनं टिपण मिळायला वेळ. दफ्तरात कागद बघणं महाग नाही, मोडी वाचून घेणं महाग. ज्याला हा नाद कायमचा लावून घ्यायचाय त्याने सरळ मोडीचा क्लास करावा, तालुक्याच्या जुन्या वह्यांतही मोडी भेटतेच.

अजून एक दार अलीकडे उघडलंय. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधायला जिल्ह्याजिल्ह्यात जुन्या वह्या बाहेर निघाल्या, स्कॅन झाल्या, बऱ्याच जिल्ह्यांनी वेबसाइटवर टाकल्या. त्यात गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाची जन्ममृत्यूची वही, पूर्वज शोधणाऱ्याला सोन्यासारखी. तुम्हाला कुणबी दाखल्याशी काही घेणं नसलं तरी बघा.

मराठवाड्यात आणि विदर्भात हे सगळं असंच्या असं लागू होत नाही. निजामाकडच्या गावांत जुनं उर्दूत असतं आणि खासरा पत्रक हा शब्द घेऊन विचारावं लागतं, नागपूरकडे मालगुजारीची गावं, तिथे बंदोबस्ताची मिसल आणि अधिकार अभिलेख मागायचे. गोव्यात तर कोमुनिदादी आणि पोर्तुगीज, तो वेगळाच संसार.

तर भावाला मी ठरवून दिलं ते असं: गाव आणि आजोबांचं नाव माहीत आहे, वतन नाही, गाव धरणात नाही, म्हणजे पहिले तीन दिवस फक्त तहसील, जुना सर्व्हे नंबर हातात आला की भूमी अभिलेखला नकाशा आणि टिपणाचा अर्ज, पुण्याला या ट्रिपमध्ये जायचंच नाही. आजच्या सातबाऱ्याची प्रिंट, एक भिंग आणि जुन्या वहीची धूळ नाकात जाते म्हणून रुमाल बरोबर ठेव म्हटलं. सगळं लिहून घेतलं त्याने, तिकीटही काढून मोकळा झाला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मुंबईत उतरतोय. ऑफिसं त्या दिवसांत बंद असतात हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.