कोळी खेकडे बघायला घेतलेला यूएसबी मायक्रोस्कोप: चार महिन्यांनंतर

पहिल्याच दिवशी रिव्ह्यू टाकला असता तर पाच स्टार दिले असते, बरं झालं थांबलो. झूलॉजीच्या एमएस्सीला आहे, प्रोजेक्ट स्पायडर क्रॅबवर, म्हणजे कोळी खेकडे, बारीक अंगाचे लांब तंगड्यांचे. पहाटे मुंबईच्या ससून डॉकला ट्रॉलरचा माल उतरतो त्यात बिनकामाचे म्हणून हे बाजूला पडतात, ओळखीच्या मावशी पिशवीत भरून देतात आणि दर वेळी म्हणतात, "ह्यात खायला काय नाय रे पोरा." कोळ्यांनी दिलेले कोळी. लॅबमधला चांगला मायक्रोस्कोप संध्याकाळी सहाला कुलपात जातो म्हणून घरी बघायला हा ऑनलाइन मागवला, अठराशेला.

बॉक्सवर १००० पट लिहिलंय ते विसरा, तो आकडा शोभेचा आहे. पण कमी झूमवर खरंच मजा येते. मित्राकडच्या एका खेकड्याच्या पाठीवरचे केस बघितले तर चक्क टोकाला वळलेले आकडे, अगदी ब्लाउजच्या हुकासारखे, आणि त्यात शेवाळाचा तुकडा अडकलेला. या गटातले बरेच खेकडे असंच शेवाळ, स्पंज अंगाला लावून लपतात, वाचलं होतं पण लॅपटॉपवर एवढं मोठं बघून आईलाही किचनमधून बोलावलं. (आई म्हणाली, आधी तो टेबलावरून उचल.)

आता मेन किस्सा. डॉकवर जास्त करून डॉक्लिया नावाचा कोळी खेकडा मिळतो, गोल, केसाळ, चिखलाने माखलेला. त्याच्या पाठीवर मधल्या रेषेत आणि कडेला किती काटे हे मोजावं लागतं, प्रजाती ओळखायची 'की' (म्हणजे पायरीपायरीने जायची प्रश्नावली) तिथूनच पुढे जाते. जुन्या टूथब्रशने केस साफ केले तर एकाला काटा एक कमी. दुसऱ्यांदा मोजला, तरी कमी! नवीन प्रजातीच सापडली म्हणून मी मनात नावसुद्धा ठरवून टाकलं, नमुना कुठल्या म्युझियमला होलोटाइप (ज्यावरून नवीन प्रजातीला नाव देतात तो मूळ नमुना) म्हणून ठेवायचा तेही. मग रात्री एकला हा मायक्रोस्कोप लावला आणि त्या जागी पांढरट, खडबडीत खुंट दिसला, काटा मुळातून मोडलेला, बहुतेक जाळ्यातच. सरांना मेसेज टाइप करून ठेवला होता तो डिलीट केला, त्या एका रात्रीत अठराशे वसूल.

पण पुढचं काम याला झेपत नाही. नराच्या पोटाखालची निमुळती झडप उचलली की आत गोनोपॉडच्या, म्हणजे मीलनासाठीच्या बदललेल्या पायांच्या, दोन जोड्या असतात आणि पहिल्या जोडीच्या टोकाचा आकार प्रजातीगणिक वेगळा, त्यामुळे नवीन आहे म्हणायचं तर त्याचं नीट चित्र काढून जवळच्या प्रजातींशी ताडून बघावंच लागतं. इथे हा टोक फोकसमध्ये घेतो तर बूड धूसर, बूड घेतलं की टोक गायब, आणि व्हील फिरवताना प्लास्टिकचा स्टँड असा डुलतो की लोकल गेल्यासारखं वाटतं.

मोजमापाचं तर बोलूच नका. सॉफ्टवेअरने कवचाची लांबी २४ मिमी दाखवली, व्हर्नियरने २१. कॅलिब्रेशन स्लाइड (माप जुळवून घ्यायची आखलेली काच) मिळेल असं लिहिलं होतं, बॉक्समध्ये नव्हतीच, विक्रेत्याला तीनदा विचारलं तर तीनही वेळा सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स आणि एकदा दहा टक्क्यांचं कुपन. शेवटी ग्राफ पेपर खाली ठेवून काम भागवतोय, पण उंची जरा बदलली की परत सगळं नव्याने.

अजून एक, एलईडीची चकाकी. नमुना अल्कोहोलमधून ओला काढला की पाठीवर आठ पांढरे ठिपके सोडून काही दिसत नाही, एलईडीवर बटर पेपरची पट्टी गुंडाळा, एकदम फरक पडतो. आणि फोनला जोडायचं म्हणत असाल तर नका, अ‍ॅप दर पाच मिनिटांनी हँग होतं.

तीन स्टार. मुलांना, शाळेला, किनाऱ्यावर फिरणाऱ्यांना बिनधास्त घ्या. प्रजाती ठरवायला घेत असाल तर पैसे साठवा आणि प्रिन्सेस स्ट्रीटला जाऊन जुना स्टिरिओ मायक्रोस्कोप बघा. मावशींनी शनिवारसाठी दोन मोठे नर बाजूला काढून ठेवलेत, त्यांच्यासाठी लॅबवाल्या काकांना चहा पाजून आठपर्यंत थांबवायचा बेत आहे.