हातपंपाची एस्प्रेसो आणि ऑडिटचे दौरे

मी बँकांच्या शाखांचं ऑडिट करते, म्हणजे महिन्यातले दहा-बारा दिवस मुलुंडच्या घराबाहेर, आज चिपळूण तर परवा सातारा, आणि लॉजच्या खोलीतल्या ट्रेमधे काय असतं ते सगळ्यांनाच माहिती आहे, दोन टी-बॅगा, साखरेच्या पुड्या आणि इन्स्टंट कॉफीचं एक सॅशे जे माझ्या आधीच्या तीन पाहुण्यांनी तसंच सोडलेलं असतं. मला सकाळी कडक कॉफी लागते, नाही मिळाली तर अकरा वाजेपर्यंत मी माणसात नसते असं नवरा म्हणतो (तो चहावाला, त्याचं काय जातंय). तर मागच्या दिवाळीला बोनसमधून हाताने पंप मारून एस्प्रेसो काढायचं ते छोटं यंत्र घेतलं, सात हजारांच्या आसपास पडलं, आता वर्ष होत आलं म्हणून लिहितेय.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली रडगाणं पण आहे आणि ते या जातीच्या सगळ्याच यंत्रांना कमी-जास्त लागू असावं. बाजारात वकाकोची नॅनोप्रेसो आणि पिकोप्रेसो ही नावं जास्त ऐकू येतात, पहिलीत ८ ग्रॅम पावडर बसते, दुसरीत १८, पाणी दोन्हीत ८० मिलीच्या आसपास आणि वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेर. माझं पण याच मापाचं आहे, लॅपटॉपच्या बॅगेत चार्जरशेजारी आरामात मावतं.

चालतं कसं, तर खाली जाळीच्या वाटीत पावडर भरून दाबायची, वरच्या टाकीत उकळतं पाणी ओतायचं, फिरवून घट्ट बंद करायचं आणि मग दट्ट्या अंगठ्याने दाबत राहायचं. पहिले सात-आठ पंप सावकाश, मग दहा सेकंद थांबायचं म्हणजे पावडर सगळीकडून भिजते, मग एका लयीत. डब्यावर १८ बार (बार म्हणजे दाबाचं माप) असं मोठ्ठं छापलेलं, एस्प्रेसोला लागतात ९, ते वाचून मी भलतीच खूश झालेले. पण प्रेशर एकटं यंत्र करत नाही हे नंतर कळलं. पावडर पाण्याला अडवते म्हणून प्रेशर चढतं, पावडर जाड असली की अडवायला कुणीच नाही, मग १८ काय नि ८० काय. पहिल्या दिवशी मी दुकानातून आणलेली तयार पावडर घातली, फिल्टर कॉफीसाठी दळलेली, तीन-चार पंपातच सुर्रकन पिवळट पाणी खाली. चव कशी? चुलीवरचं भांडं विसळल्यासारखी.

मग वाटलं घरी मिक्सर आहे की. मिक्सरमधे बी दळलं तर निम्मं पीठ आणि निम्मे खडे होतात, पाणी पिठाला बगल देऊन खड्यांमधून वाट काढतं, एकाच घोटात कडू पण आणि आंबट पण. शेवटी हाताने फिरवायचं ग्राइंडर घेतलं, त्याचे साडेपाच हजार वेगळे. हे कुणी आधी सांगत नाही! यंत्राच्या जाहिरातीत डोंगरावर बसलेला माणूस दाखवतात, त्याच्या हातात यंत्र, मागे सूर्योदय, ग्राइंडर कुठेच नाही आणि गरम पाणी कुठून आलं ते तर विचारूच नका.

ग्राइंडरचं म्हणाल तर पंधरा-सोळा ग्रॅम बी एवढं बारीक दळायला मला दीड-दोन मिनिटं लागतात आणि आवाज येतो कुणीतरी रेती चावतंय असा. टीममधली ज्युनिअर मुलगी खोलीत सोबत असते, पहिल्या दौऱ्यात सकाळी सहाला ती दचकून उठली, "मॅडम, उंदीर आहे का?" तेव्हापासून मी बाथरूममधे जाऊन दळते.

पण एकदा पावडर जमली ना, की खरंच जमतं हो. आठव्या-नवव्या पंपाला अंगठ्याला दट्ट्या जड लागायला लागतो, मग खालून आधी थेंब, मग मधासारखी बारीक धार, आणि कपात वर ती तांबूस साय. पहिल्यांदा साय आली तेव्हा मी फोटो काढून चार ग्रुपवर टाकला, कुणी काही बोललं नाही, एका मावसबहिणीने अंगठा दिला. आणि हाताने काढलेली म्हणून हिला खेळण्यातली समजू नका, सायीची एस्प्रेसो मुळात हातानेच सुरू झाली. मिलानच्या अकिले गाजियाने १९३८ मधे वाफेशिवाय नुसत्या दाबाने कॉफी काढायचं पेटंट घेतलं, महायुद्ध संपल्यावर दांडा ओढायची मशिनं आली, त्याआधीच्या वाफेच्या मशिनांना एवढं प्रेशर झेपतच नव्हतं. विजेच्या पंपाचं फाएमा कंपनीचं ई६१ मशिन आलं १९६१ मधे. म्हणजे माझा अंगठा ऐतिहासिक काम करतोय, असं मी नवऱ्याला सांगते.

आता खरा मुद्दा, पाणी. वर्षभर वापरून माझं ठाम मत झालंय की हे यंत्र पोर्टेबल आहे पण एस्प्रेसो पोर्टेबल नाही, कारण नव्वदच्या वरचं पाणी खिशात घालून नेता येत नाही. रत्नागिरीच्या ऑडिटला मी मांडवी एक्सप्रेसने जाते, ठाण्याला चढते. डब्यात इलेक्ट्रिक केटल लावायला बंदी आहे, तिथला सॉकेट फोन-लॅपटॉपपुरता, आणि ते बरोबरच आहे, पण मग राहतो थर्मास. घरून निघताना उकळतं भरलेलं पाणी चिपळूण येईस्तोवर किती राहतं ते मी एकदा स्वयंपाकघरातला थर्मामीटर नेऊन बघितलं (ऑडिटरची खोड), ८४ अंश. त्यात यंत्र स्वतः थंडगार, ते आणखी चार-पाच अंश खाऊन टाकतं, मग कॉफी आंबट होते, म्हणजे लिंबूवाली आंबट नाही, कच्च्या कैरीला चुकून चावल्यासारखी. उपाय एकच, आधी एक टाकी गरम पाणी नुसतंच पंप करून यंत्र तापवून घ्यायचं आणि मग दुसऱ्या टाकीची कॉफी. पण त्याने पाणी दुप्पट लागतं, अर्ध्या लिटरच्या थर्मासमधे सहा टाक्या म्हणजे तीनच कप. शिवाय थर्मास तोंडापर्यंत भरायचा, अर्धा भरला की लवकर निवतो, आणि भरायच्या आधी उकळत्या पाण्याने एकदा खळबळून घ्यायचा. हल्ली गाडीत पहिली कॉफी पनवेलच्या आधीच काढते, तिच सगळ्यात बरी होते.

मांडवीतच समोरच्या सीटवर एक काकू होत्या, सावंतवाडीला चाललेल्या. मी दट्ट्या दाबतेय हे बराच वेळ बघत होत्या, शेवटी न राहवून म्हणाल्या, "बाळा, दम्याचा पंप आहे का गं? एवढा मोठा?" मी म्हटलं नाही काकू, कॉफी. त्यांना घोटभर दिली. त्यांनी तोंड एवढंसं केलं आणि विचारलं, "जायफळ नाही घातलंस?" मग त्यांनीच मला बटाटावडा दिला आणि काळ्या एस्प्रेसोबरोबर मांडवीचा बटाटावडा हे प्रकरण काय लागतं म्हणून सांगू, त्यासाठी हा सगळा खटाटोप माफ.

लॉजमधे केटल असते पण तिची वेगळी कथा. आधीच्या पाहुण्याने तिच्यात मॅगी तरी केलेली असते नाहीतर अंडी तरी उकडलेली असतात, त्यामुळे दोनदा पाणी उकळून फेकून द्यायचं आणि तिसऱ्यांदाचं घ्यायचं. महाबळेश्वरला वेगळीच गंमत, ते साडेतेराशे मीटरवर, तिथे पाणी उकळतंच ९५-९६ अंशांना, त्यामुळे केटल बंद पडल्या पडल्या ओतलं तरी मुंबईएवढं गरम मिळत नाही. एस्प्रेसोला ते तसं पुरेसं आहे पण यंत्र तापवून घ्यायचा आळस केला की लगेच पकडली जाते चोरी. तिथे मी ग्राइंडरवर पावडर अर्धा काटा बारीक करते.

बी कुठलं घ्यावं यावर मी बरीच माती खाल्लीये. आधी हौसेने वांद्र्याच्या एका रोस्टरीतून हलकं भाजलेलं घेतलं, पाकिटावर जर्दाळू, संत्र्याची साल वगैरे चवी लिहिलेल्या. हलकं भाजलेलं बी भरपूर गरम पाणी मागतं आणि आपल्याकडे थर्मासमधलं ८४, जर्दाळू काय दिसला नाही. मग माटुंग्याची चिकोरी मिसळलेली पावडर बारीक दळून घेऊन पाहिली कारण घरी तीच असते. चिकोरी भिजली की चिकट लगदा होतो, पंप दगडासारखा अडकला, जोर लावला तर बाजूने फवारा उडाला आणि ऑडिटच्या फाइलवर तपकिरी डाग. स्टीलच्या फिल्टरमधे रात्रभर थेंब थेंब उतरायला ती पावडर उत्तम आहे, तिला तिथेच सुखाने राहू द्या.

शेवटी जमलं ते मान्सून्ड मलबार. जून ते सप्टेंबर किनारपट्टीच्या गोदामांत बी पसरून पावसाळी वाऱ्यावर ठेवतात, ते फुगतं, फिकट पिवळट होतं आणि आंबटपणा बराच जातो. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना महिनोन्महिने दमट हवेत बी आपोआप असं व्हायचं, जहाजं वेगवान झाली तशी ती चव गेली, म्हणून मग मुद्दाम करायला लागले. आमच्याकडे पापड मऊ पाडणारी तीच ही हवा, कुणाचं तरी भलं करते. मुळात आंबटपणा कमी म्हणून पाणी थोडं निवलेलं असलं तरी ही कॉफी सांभाळून घेते. मध्यम ते गडद भाजलेली घ्या, आणि मुंबईच्या पावसाळ्यात दळून नेऊ नका, दोन दिवसांत गोळे होतात.

साफसफाई हा सगळ्यात रटाळ भाग. कॉफी प्यायला दोन मिनिटं, धुवायला पाच. ओला चोथा वाटीत घट्ट बसतो, तो लॉजच्या बेसिनमधे टाकला की तुंबतं, रेल्वेच्या बेसिनचं तर बोलूच नका. मी एक जुना स्टीलचा झाकणाचा डबा ठेवते, चोथा त्यात ठोकायचा, घरी आल्यावर कुंडीत. जाळी त्याच दिवशी धुतली नाही तर दुसऱ्या दिवशी वास येतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सरळ एरोप्रेस (नळीत दट्ट्या ढकलून कॉफी काढायचं साधन) घ्यावी, अॅलन अॅडलर नावाच्या माणसाने २००५ मधे काढलेली, त्याआधी तो उडवायच्या चकत्या बनवायचा. तिच्यात चोथा एका ढकलीत टुणकन बाहेर पडतो. फक्त तिची कॉफी एस्प्रेसो नाही, तिच्यात पंप नसल्याने नुसत्या हाताने ढकलून तेवढा दाब येत नाही, पण प्रवासात कॉफी म्हणून झकास.

रडगाणं आता. आठव्या महिन्यात पंप मारताना बाजूने पाणी झिरपायला लागलं. आतली रबरी रिंग गेलेली. विकणाऱ्याला मेल केला तर उत्तर आलं की रिंग सुटी मिळत नाही, अख्खा पंपाचा भाग घ्या, किंमत यंत्राच्या निम्मी. चार रुपयांची रिंग! मी शनिवारी ती जुनी रिंग रुमालात बांधून मशीद बंदरला उतरले आणि नागदेवी स्ट्रीटला गेले, तिथे ऑइल सील, ओ-रिंग, बेअरिंगची दुकानं ओळीने आहेत. दोन दुकानांत हाकललं, एक नग कोण देणार म्हणून. तिसऱ्यातल्या काकांनी रिंग कॅलिपरवर मोजली, "कसली मशीन आहे ताई?" म्हटलं कॉफीची. ते काळी नायट्राइल रबराची देत होते, मी हट्टाने सिलिकॉनची, खाण्याच्या कामाची मागितली, त्यांनी आतून लाल रंगाच्या दोन काढून दिल्या, तीस रुपये. चार महिने झाले, एक थेंब गळत नाही. दुसरी रिंग पाकिटात जपून ठेवलीये.

तर घ्यावं का? दिवसाला एकच कप लागत असेल, आधीच ग्राइंडर असेल आणि चोथा वागवायची लाज वाटत नसेल तर घ्या, पाचपैकी साडेतीन. चार माणसांच्या ट्रिपला नेऊ नका, तिसऱ्या कपापर्यंत अंगठा बोंबलतो आणि चौथा माणूस चहा सांगून मोकळा होतो. कुणाला भेट म्हणून तर अजिबात देऊ नका, ते कपाटात सँडविच टोस्टरशेजारी जाऊन बसेल.

एक राहिलंच. त्या मांडवीतल्या काकूंचं जायफळ डोक्यातून जाईना, सासूबाईंची दुधातली कॉफी पण जायफळाशिवाय होत नाही. मागच्या रविवारी पावडर दाबायच्या आधी वर चिमूटभर जायफळ किसून टाकलं आणि एक एस्प्रेसो काढली, ती अर्धा कप गरम दुधात, दीड चमचा साखर. सासूबाईंनी बशीत ओतून प्यायली आणि विचारलं, अजून एक होईल का. मी म्हटलं आई, थांबा, आधी यंत्र धुवावं लागतं.