योक्टोचं बिल्ड: टोस्टरच्या वेब पानावरून मारायचं, जेन्किन्सवर टाकायचं की आपलं टर्मिनलच बरं?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमधलं टेम्परेचर वाचून सर्व्हरला पाठवणारा गेटवे बनवतो, पिंपळगाव-दिंडोरीकडे बरेच लागलेत. आत लिनक्स, आणि ते बिल्ड होतं योक्टोवर, म्हणजे आपल्या बोर्डाला हवं तेवढंच लिनक्स सोर्सपासून तयार करून देणारी टूल्स. परवा सातपूरच्या एका दोस्ताचा फोन, म्हणे आमची पोरं टर्मिनलची काळी स्क्रीन बघूनच घाबरतात, ब्राउझरमधून बिल्ड करता येतं असं ऐकलंय, घेऊ का? त्याला जे सांगितलं तेच इथे टाकतोय.

टोस्टर म्हणजे बिटबेकवर (योक्टोत खरं बिल्ड करणारं टूल) बसवलेलं वेब पान, योक्टोसोबतच येतं, पैसे-बिसे काही नाहीत. पूर्वी हॉब नावाची विंडो होती, ती काढून टाकली आणि हे आलं. जँगोत लिहिलंय, लागणारी पायथन पॅकेजं पिपने टाकायची, टर्मिनलमध्ये योक्टोची सेटअप स्क्रिप्ट सोर्स करायची, मग 'सोर्स टोस्टर स्टार्ट' आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट 8000. मशीन (म्हणजे आपला बोर्ड) निवडा, लेयर (रेसिपींचा गठ्ठा; रेसिपी म्हणजे एकेक सॉफ्टवेअर कसं बिल्ड करायचं ते लिहिलेली फाइल) जोडा, इमेजचं (बोर्डवर टाकायची तयार फाइल) नाव टाका, बिल्डचं बटण दाबा. नवख्याला हे फार सोपं जातं, ऑनलाइन लेयर इंडेक्समधली तयार लेयरची यादी तिथेच समोर येते, बीबीलेयर्स डॉट कॉन्फमध्ये (आपले लेयर लिहायची फाइल) पाथ चुकला म्हणून अर्धा दिवस गेला असं होत नाही.

पण मला विचाराल तर टोस्टरची खरी मजा बिल्ड संपल्यावर आहे. आमची इमेज एकदा अचानक फुगली, अपडेटच्या पार्टिशनमध्ये मावेना, आणि साइटवर फोर जीचं सिम असल्यामुळे एकेक एमबी जड. टर्मिनलवर मॅनिफेस्ट (इमेजमधल्या पॅकेजांची यादी) उघडून डोळे फोडत बसलो होतो, मग टोस्टरमध्ये त्याच इमेजची पॅकेजं साइजप्रमाणे लावली तर पायथनची लांबलचक रांग वरती. आम्ही तर पायथन टाकलाच नव्हता! पॅकेजवर क्लिक केलं की ते कोणामुळे आत आलं ते दिसतं, तसं मागे मागे गेलो तर आमच्याच लेयरमधली एक टेस्ट स्क्रिप्टची रेसिपी निघाली, कोणीतरी टेस्टिंगला टाकली आणि काढायची राहिली. दहा मिनिटांचं काम झालं. कुठल्या टास्कला किती वेळ लागला, कुठला एसस्टेटमधून (आधीच्या बिल्डचा साठवलेला माल) उचलला आणि कुठला परत रन झाला, हेही टेबलात येतं. टर्मिनलवाल्यांना हीच माहिती फाइलींत लिहून ठेवणारे बिल्डहिस्टरी आणि बिल्डस्टॅट्स आहेतच, पण ते वाचायला सवय लागते.

आता दुसरी बाजू. टोस्टरमध्ये केलेले बदल त्याच्या डेटाबेसमध्ये बसतात, साधी एसक्यूलाइट फाइल असते ती, गिटमध्ये (कोणी कधी काय बदललं त्याची नोंद ठेवणारं टूल) काही जात नाही. आणि लॉगिन नाही! आम्ही हौसेने टोस्टरच्या वेबपोर्ट सेटिंगला 0.0.0.0 देऊन अख्ख्या ऑफिसला उघडं ठेवलेलं, तर एका इंटर्नने बघू काय होतं म्हणून इमेज एफएसटाइप्स (इमेज कुठल्या फॉरमॅटात निघेल ते ठरवणारं व्हेरिएबल) बदललं आणि विसरला. पंधरा दिवसांनी रिलीज काढली तर फ्लॅश करायची फाइलच वेगळ्या फॉरमॅटची, प्रॉडक्शनला चाळीस बोर्ड टेबलावर मांडून पोरं बसलेली आणि मी शोधतोय. बिल्डच्या पानावर व्हेरिएबलची व्हॅल्यू दिसली म्हणून सापडलं तरी, पण बदललं कोणी ते काही कळेना, पोरगा स्वतःहून बोलला म्हणून बरं.

टर्मिनलवर हे होत नाही कारण लोकल डॉट कॉन्फ (बिल्डच्या सेटिंगची फाइल) काय, लेयर काय, सगळं गिटमध्ये ठेवता येतं. आम्ही आता कास वापरतो, सीमेन्सवाल्यांनी काढलेलं टूल आहे, एका यॅमल फाइलमध्ये कुठला लेयर कुठल्या कमिटवर ते लिहायचं, दोन वर्षांनी तीच इमेज परत काढता येते. कस्टमर जुन्या फर्मवेअरमधला बग घेऊन आला की ह्याची किंमत कळते. आणि डेव्हशेल, डेव्हटूल (रेसिपीच्या सोर्समध्ये शिरून काम करायची सोय), कर्नलचं मेन्यूकॉन्फिग (कर्नलच्या सेटिंगचा मेन्यू) ह्या गोष्टींना शेवटी टर्मिनलवरच यावं लागतं, टोस्टर घेतला म्हणून त्यातून सुटका नाही.

जेन्किन्सचं थोडक्यात सांगतो. तेही ब्राउझरमध्येच दिसतं म्हणून लोक दोन्ही एकाच मापाने मोजतात, पण जेन्किन्सला रेसिपी म्हणजे काय ते माहीतच नाही, तो तुमची स्क्रिप्ट चालवतो आणि लॉग ठेवतो, बस. लॉगिन आहे, कोणाला काय परवानगी ते ठरवता येतं, रात्री दोनला आपोआप बिल्ड लावता येतं. चार-पाच जण एकाच कोडवर असतील तर लावाच, दोघंच असाल तर त्याचे प्लगइन अपडेट करण्यातच शनिवार जाईल.

मशीनचा खर्च मात्र तिन्हीकडे तोच, वेब पान घेतलं म्हणून बिल्ड फास्ट होत नाही (हाही प्रश्न आला होता). योक्टोच्या क्विक बिल्डच्या पानावर पूर्वी 90 जीबी रिकामी जागा सांगायचे, आता 140 सांगतात. पैसे असतील तर रॅम आणि एसएसडीत घाला, आणि एक यूपीएस घ्या, पावसाळ्यात बिल्ड नव्वद टक्क्यांवर असताना लाइट गेली की काय वाटतं ते अंबड-सातपूरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

त्या दोस्ताला मी सांगितलं, पोरं शिकेपर्यंत टोस्टर दे, पण प्रत्येकाला स्वतःच्या मशीनवर, आणि कस्टमरला जाणारी इमेज टर्मिनलवरून कासनेच काढ. अजून एक जुगाड आहे जो लोकांना माहीत नसतो, टोस्टर स्टार्टला पुढे 'नोबिल्ड' लावलं तर ब्राउझरमधून बिल्ड मारताच येत नाही, पण त्याच टर्मिनलवरून मारलेलं बिटबेकचं बिल्ड पानावर दिसत राहतं. आमच्याकडे सध्या असंच चालू आहे, आणि तो इंटर्न आता पर्मनंट झालाय, इमेजची साइज वाढली की टोस्टर उघडून बसणारा पहिला तोच असतो.